जमीन राखू, पण नवे वतन नको

पर्यावरणाचा विषय काढला की वस्तीतल्या तरुणांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. आधी जमीन तरी मिळू द्या, मग ती वाचवू. या प्रश्नात कडवटपणा आहे, पण खोटे काही नाही. 2015-16 च्या कृषी गणनेनुसार देशातल्या एकूण वहिती खात्यांपैकी अनुसूचित जातींची खाती साधारण 12 टक्के आणि त्यांच्याकडचे क्षेत्र साधारण 9 टक्के. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्येतला आपला वाटा 16.6 टक्के होता. म्हणजे जिथे खाते आहे तिथेही तुकडा लहान आहे. अशा समाजाला कोणी येऊन "तुमची जमीन निसर्गासाठी राखून ठेवा" म्हणाला तर हसू येणारच.

पण हसून विषय संपत नाही. मराठवाड्यात, सोलापूर-अहिल्यानगरच्या माळावर, विदर्भात वेगवेगळी माणसे आता आपल्या वस्त्यांत येऊ लागली आहेत. कोणी संस्थेचा, कोणी कंपनीच्या सीएसआरचा, कोणी कार्बन क्रेडिटचा एजंट, कधी वनखात्याचा माणूस. कोणी सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणतो, कोणी जैवविविधता वारसा स्थळ, कोणी कार्बन शेती, कोणी हरित क्रेडिट. सगळ्यांच्या बोलण्यात एक शब्द मात्र सारखा असतो: ऐच्छिक. जबरदस्ती नाही, तुमच्या इच्छेने.

आमचे म्हणणे या 'इच्छे'बद्दल आहे. ज्याला नाही म्हणता येते त्याच्याच होकाराला इच्छा म्हणतात. म्हणून या योजना चांगल्या की वाईट हे ठरवण्याआधी, त्या कोणाच्या दारात आल्या आहेत आणि त्या माणसाकडे नाही म्हणण्याची ताकद आहे का, हे पाहावे लागते.

आपल्याकडे जी थोडीफार जमीन आहे ती आली कुठून? एक, वतनाची. 1958 च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने महार वतन संपले आणि जमिनी नव्या, अविभाज्य शर्तीवर परत मिळाल्या. म्हणजे आजच्या भाषेत भोगवटादार वर्ग 2. दोन, गायरानाची. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 ला आणि पुन्हा 1964-65 ला भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारो माणसे तुरुंगात गेली, आणि पुढे 14 एप्रिल 1990 पर्यंतची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा शासन निर्णय 1991 मध्ये निघाला. तो कागदावर आला, सातबारावर मात्र अनेकांच्या अजून आलेला नाही. तीन, दादासाहेबांच्याच नावाच्या सबलीकरण व स्वाभिमान योजनेतून मिळालेली 4 एकर जिरायत किंवा 2 एकर बागायत.

या तिन्ही जमिनींचा पोत पाहा. काळी कसदार जमीन गावाच्या मधोमध, पाटलाची. आपली गावाच्या शिवेवर: माळ, मुरूम, ओढ्याकाठचा खडक. इंग्रजांच्या आणि नंतर स्वतंत्र भारताच्या महसूल दप्तरात तिची किंमत पोटखराबा, पडीक अशी. आता मात्र तेच माळरान एकदम मौल्यवान झाले आहे. वन्यजीव अभ्यासक सांगतात की लांडगा, खोकड, चिंकारा, धाविक, तणमोर, माळढोक हे सगळे याच कोरड्या गवताळ माळावरचे प्राणी-पक्षी. त्यांचे म्हणणे खरे आहे. गवताळ प्रदेश हा पडीक नसतो, ती एक पूर्ण जिवंत व्यवस्था असते. आम्हाला फक्त एवढेच नोंदवायचे आहे की या जमिनीला किंमत नव्हती तेव्हा ती आपल्या वाट्याला आली आणि किंमत आली तेव्हा तिचे राखणदार कोण असावेत याची चर्चा आपल्याला वगळून सुरू झाली.

माळढोकाचे उदाहरण सोलापूरच्या प्रत्येक शेतकऱ्याला पाठ आहे. 1979 मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झाले, क्षेत्र सुमारे 8,496 चौरस किलोमीटर. आकडा पुन्हा वाचा. त्यात शेते होती, गावे होती, बाजारपेठा होत्या, माणसे होती. कोणालाही विचारले नव्हते. पुढची तीन दशके खरेदी-विक्री, बिगरशेती, कर्ज, विहीर, प्रत्येक गोष्टीत अभयारण्य आडवे येत राहिले. 2012 च्या सुमारास ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणले गेले. तोपर्यंत माळढोक जवळजवळ संपला होता आणि लोकांच्या मनात त्या पक्ष्याविषयी रागच शिल्लक होता. ज्या पक्ष्याला गवत, शांतता आणि शेतकऱ्याची सहनशीलता एवढेच हवे होते, त्याच्या नावाने शेतकऱ्याच्या डोक्यावर कायदा बसवला, आणि त्याच माळावर सरकारी खात्यांनी गिरिपुष्पाची लागवडही केली. माळरानावर झाडी वाढली की माळढोक तिथे राहत नाही. म्हणजे जबरदस्ती केली ती केली, आणि वर चुकीचे काम केले.

म्हणून ऐच्छिक संवर्धनाचा मार्ग तत्त्वतः आम्हाला मान्य आहे. मालकाला विचारा, करार करा, मोबदला द्या, मुदत ठरवा. प्रश्न तपशिलात आहे, आणि आंबेडकरी कार्यकर्त्याने तपशील वाचलाच पाहिजे.

आधी कायदा. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्यात 2002 च्या दुरुस्तीने कलम 36-सी आले. एखाद्या समुदायाने किंवा एकट्या व्यक्तीने आपल्या जमिनीवर वन्यजीव आणि त्यांचा अधिवास राखायचे स्वतःहून ठरवले, तर राज्य सरकार ती खासगी किंवा सामुदायिक जमीन सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. ईशान्येत, विशेषतः मेघालय आणि नागालँडमध्ये, जिथे जमीन मुळातच कुळांच्या आणि गावांच्या ताब्यात आहे, तिथे अशी क्षेत्रे मोठ्या संख्येने झाली. कर्नाटकात कोक्करेबेल्लूरला पाणपक्ष्यांसाठी, केरळात कडलुंडीला खाडीसाठी झाली. कल्पना चांगली आहे. जमीन तुमच्याच नावावर राहते, अभयारण्यासारखे संपादन होत नाही.

आता खालची ओळ वाचा. एकदा अधिसूचना निघाली की त्या जमिनीच्या वापरात कोणताही बदल करायचा तर व्यवस्थापन समितीचा ठराव आणि त्यावर राज्य सरकारची मंजुरी, दोन्ही लागतात. मालकाला मोबदला देण्याची तरतूद या कलमांत नाही. मालकाला पुढे माघार घ्यायची असेल तर ती कशी घ्यायची, याबद्दल ही कलमे गप्प आहेत. आत जायचा दरवाजा आहे, बाहेर यायचा काढलेलाच नाही.

समितीचे बघा. मूळ कलम 36-डी नुसार समितीत ग्रामपंचायतीने नेमलेले पाच प्रतिनिधी. आपल्या गावांतल्या ग्रामपंचायती कोण चालवते हे आम्ही या वाचकांना सांगायला नको. शिवेवरची 5 एकर जमीन बौद्ध कुटुंबाची, आणि तिच्यावर काय उगवायचे हे ठरवणारे पाच जण गावातले. संविधान सभेत गावगाड्याविषयी बाबासाहेब जे बोलले ते या समितीच्या रचनेकडे पाहूनही बोलता आले असते. 2022 च्या दुरुस्तीने यात एक खरी सुधारणा झाली. क्षेत्र खासगी जमिनीवर असेल तर समितीत स्वतः मालक, वनखात्याचा प्रतिनिधी आणि पंचायतीचा किंवा आदिवासी समुदायाचा प्रतिनिधी असेल. म्हणजे मालकाला खुर्ची मिळाली. तरी तीनपैकी एक. सातबारा तुमचा आणि मत एक तृतीयांश.

याच कायद्यातली एक गोष्ट फारशी कोणी बोलत नाही. कलम 36-सी म्हणते की अभयारण्याला लागू असलेल्या काही तरतुदी सामुदायिक राखीव क्षेत्रालाही जमेल तशा लागू होतील. त्यात कलम 27 ची काही उपकलमे आहेत. तिथे राहणाऱ्या प्रत्येकाने गुन्हा होऊ नये म्हणून प्रयत्न करायचे, गुन्हेगार शोधायला मदत करायची, मेलेल्या वन्यप्राण्याची वर्दी द्यायची आणि वनखात्याचा माणूस येईपर्यंत तो राखायचा, आग लागली तर विझवायची, अधिकारी मदत मागेल तेव्हा धावून जायचे.

ही यादी वाचताना आम्हाला येसकराची आठवण आली.

महार वतन काय होते ते नव्या पिढीला पुन्हा सांगावे लागते. जमिनीचा लहान तुकडा नावावर, त्याच्या बदल्यात सरकारचे आणि गावाचे पडेल ते काम. शिवेची राखण, खजिन्याबरोबर चालणे, निरोप पोहोचवणे, साहेब आला की त्याच्यापुढे धावणे, मेलेले जनावर ओढणे. कामाची यादी नाही, वेळ नाही, पगार नाही. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वंशपरंपरागत हुद्देदारांच्या कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. त्याचा गाभा तीन गोष्टींत सांगता येतो: वतनदाराची कामे ठरवून द्या, मोबदला रोख आणि खात्रीचा करा, आणि ज्याला हे काम नको असेल त्याला पूर्ण सारा भरून, जमीन स्वतःकडे ठेवून, त्यातून बाहेर पडू द्या. ते विधेयक संमत झाले नाही. 1939 मध्ये हरेगावच्या परिषदेत वतनी जमिनीवरच्या वाढीव जुडीविरुद्ध आवाज उठला तेव्हाही दुखणे तेच होते. राबणूक फुकट, आणि वर जमिनीचा बोजा.

वन्यजीव कायद्याने जातीवरून काम नेमलेले नाही, हे आम्हाला माहीत आहे. कलम 27 तिथे राहणाऱ्या सगळ्यांना सारखेच लागू आहे. पण शेतातच खोपटे असलेला, शिवेवर राहणारा माणूस कोण? रात्री आग लागली तर पहिला कोणाला हाक जाईल? बंगल्यात राहणाऱ्या जमीनमालकाला ही कलमे कधी शोधत येत नाहीत. कागदावर समान असलेले कर्तव्य जमिनीवर उतरताना ओळखीच्या वाटेने उतरते. म्हणून संवर्धनाचा कोणताही प्रस्ताव तपासायला 1928 च्या विधेयकाचे ते तीन मुद्दे आजही पुरेसे आहेत. काम लिहिलेले आहे का? पैसा रोख आणि ठरलेला आहे का? जमीन आपल्याकडे ठेवून बाहेर पडता येते का? तिन्हींचे उत्तर हो असेल तर तो करार. एकाचेही नाही असेल तर ते वतन आहे, नाव काहीही ठेवा.

जैविक विविधता कायदा 2002 या बाबतीत थोडा बरा आहे. कलम 37 खाली राज्य सरकार स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून जैवविविधता वारसा स्थळ जाहीर करते. गडचिरोलीतला आलापल्लीचा जंगलपट्टा, सिंधुदुर्गातल्या हेवाळे-बांबर्डेची रानजायफळाची दलदल, आंबोलीत हिरण्यकेशीच्या उगमाजवळचे तळे ही आपल्या राज्यातली उदाहरणे. या कलमात एक वाक्य सोन्याचे आहे: अशा घोषणेने ज्यांचे आर्थिक नुकसान होईल त्यांच्या भरपाईसाठी किंवा पुनर्वसनासाठी राज्याने योजना करावी. ही तरतूद आपल्या कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावी. प्रस्ताव आला की पहिला प्रश्न तोच विचारावा: भरपाईची योजना कुठे आहे, तिची प्रत द्या.

याच कायद्याखाली प्रत्येक गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती आहे, निदान कागदावर. 2004 च्या केंद्रीय नियमांत नेमलेले सहा सदस्य, त्यात किमान एक तृतीयांश स्त्रिया आणि किमान 18 टक्के अनुसूचित जाती-जमातींचे, असे होते. सहाचे 18 टक्के म्हणजे एक आणि थोडे. तो 'एक' बहुतेक गावांत कोण असतो? ज्याची सही ग्रामसेवक घरी जाऊन घेतो आणि ज्याला आपण समितीत आहोत हेच माहीत नसते, तो. लोकजैवविविधता नोंदवही नावाचे दप्तरही असेच बनले, कित्येक ठिकाणी टेबलावर बसून. त्यात आपल्या आज्यांनी ओळखलेल्या रानभाज्या, मांग-महारांना माहीत असलेले घायपात आणि केकताडाचे दोर, कैकाड्यांचे फोक, वैदूंची मुळ्या-पाल्याची ओळख यांतले काय आले? 2023 च्या दुरुस्तीनंतर समित्यांची रचना बदलते आहे. आपल्या गावची समिती कोणती, सदस्य कोण, हे माहितीच्या अधिकारात विचारायला दहा रुपये लागतात.

सरकार बाजूला ठेवून मालकाशी थेट करार करायचा मार्गही आहे. रत्नागिरी जिल्ह्यात संगमेश्वरच्या बाजूला पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशनने खासगी जंगलांच्या मालकांशी असे करार केले. जंगल तोडायचे नाही, त्याबदल्यात मालकाला लाभ. बेहड्याच्या मोठ्या झाडांच्या ढोलीत धनेश घरटे करतो, म्हणून ती झाडे उभी ठेवायची आणि त्यांची फळे रीतसर गोळा करून औषधी बाजारात चांगल्या भावाने विकायची. कोकणात जंगले ठेकेदारांना कोळशासाठी आणि लाकडासाठी कशी विकली जातात हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना या कामाचे मोल कळेल. आम्ही त्याला नावे ठेवत नाही.

पण एक गोष्ट विचारायचीच. कोकणातल्या खासगी जंगलाची मालकी कोणाकडून कोणाकडे आली? बाबासाहेबांनी 17 सप्टेंबर 1937 ला खोती रद्द करण्याचे विधेयक मांडले, 10 जानेवारी 1938 ला कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा घेऊन ते कौन्सिल हॉलवर गेले. खोती कायद्याने पुढे गेली, पण डोंगर अनेक ठिकाणी ज्यांचे होते त्यांचेच राहिले. आता न तोडण्याचे पैसे द्यायचे ठरले की ते कोणाला मिळणार? ज्याच्याकडे तोडायला जंगल आहे त्याला. त्याच डोंगरावरून सरपण आणणारी बौद्धवाडीतली बाई, कातकरी कुटुंब, फळे वेचणारे हात यांच्याकडे सातबारा नाही, म्हणून कराराच्या कागदावर ते नाहीत. जंगल राखल्याचा लाभ एकरावर वाटला तर तो जातीच्या इतिहासाप्रमाणेच वाटला जाणार. संवर्धन करारात मालकाबरोबर वापरकर्त्यालाही पक्षकार करा, ही आपली मागणी असली पाहिजे. सरपणाऐवजी गॅसची सोय, फळे वेचण्याचा लिखित हक्क, राखणीची पगारी नोकरी, असे काहीही चालेल, पण ते लिहिलेले हवे.

कोकणातला लहान मालक या योजनांना घाबरतो त्यालाही कारण आहे. 1975 च्या खासगी वने संपादन कायद्याने एका तारखेला हजारो हेक्टर खासगी जंगल सरकारचे झाले. 12 हेक्टरपर्यंतच्या लहान मालकांना जमीन परत देण्याची तरतूद नंतर झाली, पण सातबारावरची 'वनसंज्ञा' पुसायला पिढ्या गेल्या. भर म्हणून वृक्षतोडीचा 1964 चा कायदा. साग, आंबा, फणस, ऐन, किंजळ, जांभूळ, मोह अशी झाडे स्वतःच्या बांधावरची असली तरी तोडायला परवानगी लागते. परिणाम उलटा होतो. लोक झाड मोठेच होऊ देत नाहीत. झाड वाढवले की सरकार येते हा धडा ज्याला मिळाला आहे, त्याला 'स्वेच्छेने जंगल वाढवा' सांगायचे तर आधी लेखी हमी द्यावी लागेल.

आता सगळ्यात धोक्याचा कागद. कार्बनचा. आमच्यासमोर मराठवाड्यातल्या एका वस्तीतल्या लोकांनी असा एक करारनामा आणून ठेवला. इंग्रजीत, 30 वर्षांचा. झाडे शेतकऱ्याने लावायची, जगवायची, चराई आणि आग रोखायची. कार्बनचा हक्क पहिल्या दिवसापासून कंपनीचा. विक्रीनंतर 'खर्च वजा जाता' उरलेल्यातला वाटा शेतकऱ्याचा, खर्चाला मर्यादा नाही. झाडे मेली तर भरपाई शेतकऱ्याने करायची. वाद झाला तर लवाद दुसऱ्या राज्यातल्या शहरात. आणि सही करणाऱ्या अकरा जणांपैकी सात जणांची जमीन वर्ग 2 ची. या जमिनीचे हस्तांतर, त्यात दीर्घ मुदतीचा भाडेपट्टाही आला, जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय केले तर तो शर्तभंग ठरू शकतो, आणि शर्तभंगात जमीन सरकारजमा होण्याची टांगती तलवार असते. कंपनीच्या माणसाला हे ठाऊक नव्हते किंवा ठाऊक असून त्याने सांगितले नाही. दोन्हींत तोटा आपलाच. त्या वस्तीने सही केली नाही. पण शेजारच्या गावात झाल्या.

आणखी एक नवे दार उघडले आहे. वन संवर्धनाच्या नव्या नियमांत 'मान्यताप्राप्त भरपाई वनीकरण' आले. खासगी जमिनीवर 0.4 किंवा अधिक घनतेची, किमान पाच वर्षांची झाडी वाढवा, आणि ती खाणीसाठी किंवा प्रकल्पासाठी दुसरीकडे जंगल तोडणाऱ्याच्या खात्यात जमा करा. म्हणजे आपल्या माळावर दाट झाडे लावून माळाचा लांडगा घालवायचा, आणि त्या झाडांच्या हिशेबावर गडचिरोलीत आदिवासींचे जंगल तुटायचे. आपल्या 5 एकराची सही माडिया-गोंडांच्या विरुद्ध वापरली जात असेल तर तिला ऐच्छिक म्हणून कसे चालेल? 'हरित' हा शब्द दिसला की हा प्रश्न विचारायची सवय लावून घेतली पाहिजे. गायरानधारकाचे तर विचारूच नका. त्याच्याकडे सातबारा नाही, म्हणून तो ऐच्छिक योजनेला पात्रच नाही. त्याच्या वाट्याला थेट वृक्षलागवडीचे खड्डे किंवा सौर प्रकल्पाचे कुंपण येते.

इथे मुळाचा प्रश्न येतो: नावाचा. वतनी जमिनीचा एखादा उतारा काढून पाहा. आजोबांच्या नावानंतर चाळीस-चाळीस वारस, निम्मे मुंबई-पुण्यात, काही वारले, त्यांच्या वारसनोंदी नाहीत, लेकींची नावे गाळलेली. सामायिक खाते, वाटप नाही, कर्ज नाही. जमीन पडून, आणि शेजारचा दरवर्षी बांध कोरत पुढे सरकतो. मग एक दिवस एजंट एका वारसाला गाठतो.

अमेरिकेतल्या काळ्या शेतकऱ्यांचीही हीच गोष्ट आहे. 1920 साली तिथे 9 लाखांहून जास्त काळे शेतकरी होते, आज पन्नास हजारांच्या आत-बाहेर आहेत. सरकारी कर्जातला वर्णभेद, दहशत, आणि 'वारसांची सामायिक मालमत्ता', म्हणजे मृत्युपत्राशिवाय पिढ्यान्‌पिढ्या उतरलेली जमीन, ही त्याची मोठी कारणे. एका वारसाचा हिस्सा विकत घ्यायचा आणि कोर्टाकडून सगळी जमीन लिलावात काढायची, ही तिथली युक्ती. त्याच देशात गोऱ्या जमीनदारांना मात्र संवर्धन करारांवर आयकरात सवलत मिळते: विकासाचा हक्क सोडा, कर वाचवा. ज्याचे नावच कागदावर स्पष्ट नाही त्याला ती सवलत कुठून? साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटन इथे सेंटर फॉर एअर्स प्रॉपर्टी प्रिझर्वेशन ही संस्था म्हणून दोन्ही कामे करते. मालकी सोडवून द्यायला वकील, आणि त्या जमिनीवरचे जंगल राखून उत्पन्न मिळवायला वनतज्ज्ञ. पँथरचे नाव आपण तिकडून घेतले होते, ही कामाची पद्धतही घ्यायला हरकत नाही.

राखायला आमचा विरोध नाही हे पुन्हा सांगतो. जे कुटुंब शहरात स्थिरावले आहे, ज्याची 3 एकर माळजमीन दहा वर्षे पडीक आहे, त्याने ती खडी केंद्राला किंवा प्लॉटिंगवाल्याला विकण्यापेक्षा गवताखाली राखणे कितीतरी बरे. बाबासाहेबांनी 1918 च्या लहान शेतजमिनींवरच्या निबंधात दाखवले की शेतीवरचा माणसांचा भार हेच खरे दुखणे आहे. प्रत्येक तुकडा नांगरलाच पाहिजे असा काही आंबेडकरी नियम नाही. गवत राखा, कापून विका, धनगरांशी चराईचा हंगामी करार करा. लांडगा मेंढरांच्या मागे फिरतो, मेंढरे गवतामागे. माळाला कुंपण घालून धनगराला हाकलणारे संवर्धन आपण करू नये, ते माळालाही मानवत नाही.

अशोकाच्या स्तंभलेखात जंगल विनाकारण जाळू नये अशी आज्ञा आहे, न मारायच्या प्राण्यांची यादी आहे. आपले भाषणवाले ती नेहमी सांगतात. त्याच अशोकाच्या तेराव्या शिलालेखात जंगलात राहणाऱ्या लोकांना इशाराही आहे, तो कोणी सांगत नाही. करुणा राज्याच्या हातात गेली की तिला दंड फुटतो. आज मैत्री प्राण्यांशी करायची तर ती माणसाच्या संमतीने करावी लागेल.

ज्या तालुक्यांत आपले कार्यकर्ते आहेत तिथे आम्ही तीन कामे धरली आहेत, तुम्हीही धरा. वतनी आणि सबलीकरणाच्या जमिनींचे उतारे आणि फेरफार काढून वारसनोंदी पूर्ण करणे, लेकींच्या नावांसकट. वर्ग 2 च्या जमिनीवरचा कोणताही करार तहसील कार्यालयाच्या लेखी उत्तराशिवाय न करणे. आणि करारनामा मराठीत मागणे, घरी नेऊन वाचण्यासाठी किमान महिनाभर मागणे. जो महिना द्यायला तयार नाही त्याला चहा पाजून परत पाठवा. सामुदायिक राखीव क्षेत्राचा विचार तेव्हाच करा जेव्हा शेजारी शेजारी आपली आठ-दहा खाती आहेत, सगळ्यांची नावे स्वच्छ आहेत आणि खाण किंवा क्रशर दारात आला आहे. तिथे ते कलम ढाल म्हणून उपयोगी पडेल. एकट्या कुटुंबाने त्यात शिरू नये.

कोणाच्या गावात असा प्रस्ताव आला असेल तर सही करण्याआधी त्या कागदाचे सगळ्या पानांचे फोटो आम्हाला पाठवा, शेवटच्या पानावरची बारीक अक्षरे दिसतील असे. सोबत सातबारा आणि आठ-अ जोडा. वकील मित्रांची एक यादी तयार होते आहे.

जय भीम.